दयाळू हात, निरोगी देह



खताची मात्रा, बियाण्याची निवड, रक्तदाबाची गोळी, मधुमेहाचे पथ्य हे विषय या पानावर नेहमी येतात. आज आम्ही अशा एका औषधाविषयी लिहीत आहोत जे दुकानात मिळत नाही, आणि जे घेणाऱ्याइतकाच देणाऱ्यालाही गुण देते. ते औषध म्हणजे शेजाऱ्यावरची दया.

"हे तर आम्ही दर रविवारी प्रवचनात ऐकतो," असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण प्रवचनात मुख्यतः आत्म्याचे हित सांगितले जाते. आज आपण देहाचे हित पाहू. देह आणि आत्मा दोन्ही एकाच परमेश्वराने दिले आहेत. एकाला पोसणारी गोष्ट दुसऱ्याला उपाशी ठेवत नाही.

बांधावरचे भांडण

हुबळी-धारवाडच्या आसपास एक चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. दोन भावांची वाटणी होते. बांध हातभर इकडे की तिकडे, यावरून बोलणे बंद होते. देवळात दोघे येतात, पण एक उजव्या बाजूला बसतो, दुसरा डाव्या. रात्री झोप नाही, जेवण गोड लागत नाही, आणि काही वर्षांनी दोघांच्याही खिशात रक्तदाबाच्या गोळ्या.

असे का होते? आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी असतात. रानात पायाखाली साप दिसला की या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल नावाचे रस सोडतात. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, साखर वाढते, पचन मंदावते. उडी मारून जीव वाचवण्यासाठी ही देवाने केलेली सोय आहे. साप निघून गेला की सारे शांत होते.

पण मनातला वैरी निघून जात नाही. भावाचा विचार आला की देहाला साप दिसल्यासारखेच वाटते. हे रस दिवसरात्र पाझरत राहिले की हृदय, रक्तवाहिन्या, झोप आणि रोगाशी लढण्याची ताकद या सर्वांवर ताण येतो. सूर्य मावळण्याआधी राग सोडा, हा संत पौलाचा उपदेश आरोग्याचाही नियम आहे.

जखम कोणाची लवकर भरते?

विळा लागणे, काटा मोडणे हे आपल्या नित्याचे. म्हणून ही माहिती आपल्या उपयोगाची आहे. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२ विवाहित जोडप्यांच्या हातांवर लहान लहान फोड आणून ते कसे भरतात हे पाहिले. २००५ साली त्यांनी निष्कर्ष छापला. जी जोडपी एकमेकांशी वैरभावाने बोलत होती, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या वेगाच्या सुमारे ६० टक्केच होता. म्हणजे घरातला कडू शब्द कातडीपर्यंत पोचतो.

देणाऱ्याला काय मिळते?

मदत मिळाली तर बरे वाटते, हे सांगायला नको. पण मदत करणाऱ्याचे काय? मिशिगन विद्यापीठातील स्टेफनी ब्राऊन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२३ वृद्ध जोडप्यांवर पाच वर्षे लक्ष ठेवले. मित्र, नातलग, शेजारी यांना कामात हात देणारे आणि आपल्या जोडीदाराला मनाचा आधार देणारे या काळात कमी दगावले. कोणालाच काही न देणाऱ्यांचा मृत्यूचा धोका त्यांच्या दुपटीहून अधिक आढळला. वय आणि मूळची प्रकृती हिशेबात धरूनही हा फरक राहिला. नुसती मदत घेतल्याने मात्र आयुष्य वाढलेले दिसले नाही. हा लेख २००३ साली प्रसिद्ध झाला.

एका पाहणीने सारे सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही घेण्यापेक्षा देण्यात अधिक धन्यता आहे, हे प्रभू येशूचे वचन येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

रोसेटो गावाची गोष्ट

इटलीतील रोसेटो वालफोर्तोरे या डोंगराळ गावातील गरीब कॅथलिक लोक १८८२ पासून अमेरिकेत जाऊन पाटीच्या दगडाच्या खाणींत राबू लागले. पेन्सिल्व्हेनिया राज्यात त्यांनी रोसेटो याच नावाचे गाव वसवले. १९६० च्या सुमारास स्ट्युअर्ट वुल्फ या डॉक्टरांच्या ध्यानात आले की या गावात हृदयविकाराने मरणारे शेजारच्या बँगॉर गावापेक्षा फारच कमी आहेत. आहार पाहिला, तर लोक डुकराच्या चरबीत रांधत होते. पुरुष विडीकाडी करत होते. काम कष्टाचे आणि धुळीचे. मग रहस्य काय?

रहस्य त्यांच्या राहणीत होते. एका घरात तीन पिढ्या नांदत. संध्याकाळी लोक एकमेकांच्या दारात बसत. श्रीमंताने श्रीमंती मिरवू नये आणि अडलेल्याला एकटे सोडू नये, अशी गावाची रीत होती. पुढे नव्या पिढीने मोठी घरे बांधली, मोटारी घेतल्या, आणि प्रत्येकजण आपापल्या कुंपणात गेला. तेव्हा हृदयविकाराचे प्रमाणही शेजारच्या गावाइतकेच झाले.

आपल्याही गावांत कुंपणे वाढत आहेत. म्हणून ही गोष्ट सांगितली. चरबी खा, विडी ओढा, असा याचा अर्थ कोणी काढू नये!

पवित्र शास्त्र काय सांगते?

यशया संदेष्ट्याच्या ५८ व्या अध्यायात देव खऱ्या उपवासाचे वर्णन करतो. भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्यावा, बेघराला घरात घ्यावे, उघड्याला पांघरूण घालावे. मग तुझी जखम लवकर भरून येईल, असे तेथे अभिवचन आहे. दुसऱ्याची भूक आणि आपले आरोग्य यांची गाठ संदेष्ट्याने कितीतरी शतकांपूर्वीच मारून ठेवली आहे.

आपल्या रानात काय करता येईल?

पैरा. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. आपल्या वाडवडिलांची ही रीत. कानडी बांधव तिला मुय्यी म्हणतात. मजुरी वाढली, माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा ही रीत पुन्हा धरण्याजोगी आहे. कलघटगी, अळणावरकडची भाताची भांगलण असो की नवलगुंद, कुंदगोळकडच्या काळ्या रानातील कापसाची वेचणी असो, दहा माणसांच्या गप्पांत काम हलके होते. विधवेच्या किंवा आजाऱ्याच्या रानातला पैरा मात्र परत मागू नये.

सरवा. शेताच्या कडेचे पीक कापू नका, पडलेली कणसे गोळा करू नका, ती गरिबासाठी राहू द्या, असा लेवीयच्या पुस्तकात देवाचा नियम आहे. रूथने बवाजाच्या शेतात असाच सरवा वेचला. शेंगा काढून झाल्यावर, जोंधळा कापून झाल्यावर सरवा वेचणाऱ्या बाईला हाकलू नये.

दवाखान्याची सोबत. हुबळीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात खेड्यातला म्हातारा एकटा गेला तर कोणत्या खिडकीवर चिठ्ठी काढायची हेही त्याला कळत नाही. लिहिता-वाचता येणाऱ्या आपल्या मुलाने एक सकाळ त्याच्यासोबत घालवावी.

गप्प झालेला माणूस. हे सर्वांत महत्त्वाचे. २०२३ साली पाऊस दगा देऊन गेला आणि कर्नाटकातील बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर झाले. अशा वर्षात कर्जाने बेजार झालेला माणूस आधी गप्प होतो. बाजारात दिसत नाही, मिस्साला येत नाही, जेवण टाकतो. त्याला उपदेश करू नका, कर्जाचा आकडा विचारू नका. त्याच्या ओट्यावर जाऊन बसा, चहा मागा, ऐका. जगण्यात अर्थ नाही असे तो बोलला, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, आणि घरातले कीटकनाशक कुलपात ठेवायला सांगा. धारवाडला मनाच्या आजारांची सरकारी संस्था आहे, आणि १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा फुकट सल्ला देते. तुमचे अर्धा तास बसणे एखाद्याचा जीव वाचवू शकते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली. दया केली म्हणून गोळी बंद करू नये. रक्तदाब आणि मधुमेहाचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमीजास्त करावे. बेन सीराच्या पुस्तकात वैद्याचा मान राखावा असे सांगितले आहे, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे.

दुसरी. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची सेवा एकटी सून रात्रंदिवस करत असेल, तर तिची प्रकृती सुधारत नाही, ढासळते. येथे संत लूकच्या शुभवर्तमानातील चांगला शोमरोनी आठवा. त्याने जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमीला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत रात्रभर सांभाळले. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देऊन त्याच्याकडे काम सोपवले, आणि परत येण्याचे वचन दिले. त्याने ओझे टाकले नाही, वाटून घेतले. दमलेल्या शिष्यांना प्रभूनेही एकांतात जाऊन विसावा घ्यायला सांगितले. म्हणून घरातील पुरुषांनो, आठवड्यातून एक दिवस त्या सुनेला सुटी द्या. तीही दयाच आहे, आणि तिचा गुण तुम्हाला येईल.

घरी बसून विचार करण्यासाठी

१. आपल्या वाडीत गेल्या महिन्याभरात कोण दिसलेले नाही? त्याच्या घरी कोण जाईल, आणि कधी?

२. कोणाशी आपले बोलणे बंद आहे? पहिला शब्द आपण बोललो तर आपले काय जाईल?

३. आपल्या घरात सेवेचे ओझे कोण एकटे वाहत आहे?

या तीन प्रश्नांची उत्तरे रात्रीच्या रोझरीनंतर एकमेकांना सांगा. आणि येत्या रविवारी देवळात बांधापलीकडचा भाऊ दिसला, तर शांतीचे चिन्ह देताना हात आपण आधी पुढे करू या.