ग्रेनाडात गाडी घेशील तेव्हा

अलिबाग

चि. निखिल,

तू आणि मृणालने ग्रेनाडाच्या प्रिकली बेमध्ये बोटीचा नांगर टाकलात आणि चक्रीवादळांचा मोसम तिथेच काढणार आहात, हे कळलं. स्वस्तातली गाडी घेऊन एका दिवसात बेटाला फेरी मारायचा तुझा बेत आहे. गाडी जरूर घे, पण फेरी मारू नकोस. किनारा तुम्हाला बोटीवरून रोज दिसतोच. बेटाच्या पोटात काय आहे ते मात्र बोटीवरून कधीच दिसायचं नाही. गाडीचे पैसे त्यासाठी खर्च कर.

नकाशावर ग्रेनाडा जेमतेम ३४ किलोमीटर लांब आहे. त्या आकड्याला भुलू नकोस. रस्ते घाटाचे आणि अरुंद, कडेला उघडी खोल गटारं, समोरून मिनीबस सुसाट. चाक गटारात गेलं की गाडी पोटावर बसते, मग चार माणसं गोळा झाल्याशिवाय निघत नाही. डावीकडून चालवायचं, ही सवय आपल्याकडचीच, तेवढं एक बरं. आंधळ्या वळणावर हॉर्न दे. सहा-साडेसहाला अंधार पडतो, आतल्या रस्त्यांना दिवे नाहीत, आणि परतल्यावर डिंगीने बोट गाठायची असतेच. म्हणून जिथे असशील तिथून चारला मागे फीर, मग एखादा धबधबा राहिला तरी चालेल.

स्वस्त गाडी म्हणजे जुनी गाडी, त्याची लाज नाही. पण किल्ली हातात घेण्याआधी वाकून बघ. टायरची नक्षी, ब्रेक, वायपर पाहा. स्टेपनी दाबून बघ, जॅक आणि पाना दोन्ही आहेत ना, ते बघ. आमच्या गाडीत एकदा स्टेपनी होती, पाना होता, जॅक नव्हता. ते कळलं पंक्चर झाल्यावर, भर जंगलात. सगळ्या ओरखड्यांचे फोटो मालकासमोरच काढ. स्थानिक परवाना लागतो, त्याचं आधी विचारून ठेव. भाडं कुठल्या डॉलरमध्ये सांगतायत तेही विचार. अमेरिकन एका डॉलरला पूर्व कॅरिबियन २.७० पडतात, त्यामुळे नुसतं ‘डॉलर’ ऐकून मान डोलावू नकोस.

बोट एकटी टाकून दिवसभर जाणं माझ्या मनाला पटत नाही. शेजारच्या बोटीशी बोलणं कर. गाडी दोघांत मिळून घ्या. एक दिवस ते जातील, दुसऱ्या दिवशी तुम्ही. जे मागे राहतील त्यांनी दोन्ही बोटींवर लक्ष ठेवायचं. भाडं निम्मं होतं आणि नांगर घसरला तर बघायला माणूस असतो. फक्त दोन्ही चालकांची नावं करारावर लिहून घे, नाहीतर विमा ऐन वेळी हात वर करतो. निघताना झडपा बंद कर, पावसाचा तिथे भरवसा नाही. वादळाचा अंदाज असेल त्या दिवशी गाडी उभीच राहू दे. १२ अंश अक्षांशावरचं बेट, वादळं इतक्या दक्षिणेला सहसा येत नाहीत, म्हणून लोक निर्धास्त असतात, पण २००४ साली आयव्हन तिथे आलंच, आणि २०२४च्या १ जुलैला बेरिलने शेजारचं कॅरियाकू झोडपलं.

पहिल्या दिवशी घाट चढून ग्रँड एटांगला जा. ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं हे तळं सुमारे ५३० मीटरवर आहे. छोट्या इंजिनाला चढ झेपत नाही, एसी बंद कर. तिथून ग्रेनव्हिलमार्गे ईशान्येला रिव्हर अंत्वानची रमची भट्टी. ती १७८५ पासूनची आहे आणि ऊस अजून पाणचक्कीवर पिळतात. तू आजोळच्या गुऱ्हाळात वाढलेला, तुला समजावून सांगायला नको. रस एका कढईतून दुसरीत पळ्यांनी ओततात, खाली जाळ चिपाडांचाच असतो. रम ७५ टक्क्यांच्या वर, विमानात चालत नाही इतकी कडक. तू चालवणार असशील तर नुसता वास घे, बाटली बोटीवर येऊन उघड.

दुसऱ्या खेपेला पश्चिमेला गूयावला जा. जायफळं निवडायचं केंद्र तिथे आहे. पाण्यात टाकून पारख होते, जड तळाशी जातं, पोकळ तरंगतं. झेंड्यावर जायफळ असलेला हा देश. आयव्हनने जायफळाची बहुतेक झाडं आडवी केली. नवं झाड फळायला वर्षं लागतात, त्यामुळे तिथल्या माणसांशी वादळाबद्दल बोलताना जपून बोल.

आणि मागची सीट रिकामी ठेव. चढावर ओझं घेतलेल्या म्हाताऱ्या बायका हात दाखवतात, दिवसाउजेडी त्यांना घे. आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हण, मग पुढचं बोल. नमस्कार न करता थेट पत्ता विचारणारा तिथे उद्धट ठरतो. १ मे १८५७ रोजी ‘मेडस्टोन’ जहाजातून उसाच्या मळ्यांसाठी आणलेल्या हिंदुस्थानी मजुरांचे वंशज या बेटावर आहेत. अशीच एखादी बाई मागे बसली, तर ‘तुम्ही भारतातल्या कुठल्या?’ असं तिला विचारू नकोस. ती ग्रेनाडाचीच आहे. तिच्या गावात चांगली रोटी कुठे मिळते ते विचार, ती बरोबर दारापर्यंत नेईल.

गाडी परत करायच्या सकाळी शेवटचे दोन तास गॅसची टाकी, डिझेलचे कॅन आणि तांदळाची पोती यांना दे. हे काही मिनीबसमधून न्यायचं सामान नव्हे. गाडी घेताना टाकीत होतं तेवढंच पेट्रोल भर, फुकट जास्त नको.

चि. मृणालला आशीर्वाद. चढावर तिला चालवू दे, तिचा क्लच तुझ्यापेक्षा चांगला आहे.

तुझी,
आत्या