नवे पॅनल पहिल्या उन्हात का उतरते?



पाचोड परिसरातील एका वस्तीवर मुलांच्या अभ्यासवर्गासाठी मार्चमध्ये 100 वॅटचे सौर पॅनल बसवले. एप्रिलच्या भर दुपारी मोजले, तर 82 वॅटच मिळाले. "ताई, आपल्याला फसवलं का?" एका मावशींनी विचारले. दुकानदार म्हणाला, "पॅनल बदला." पैसा तुमच्या देणगीचा, म्हणून आधी हा विषय समजून घेतला.

ऊन पडले की सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन मोकळे होतात; ते तारेपर्यंत पोचले की वीज मिळते. काही सेल बनवताना सिलिकॉनमध्ये किंचित बोरॉन मिसळतात. सिलिकॉन ज्या क्वार्ट्झच्या भांड्यात वितळवतात, त्यातून थोडा ऑक्सिजनही उतरतो. उन्हात या दोघांच्या जोड्या जागृत होतात आणि इलेक्ट्रॉनांना वाटेतच अडवतात. पाटाचे पाणी भेगांत जिरावे, तसे. जोड्या मर्यादित असल्याने पहिल्या काही दिवसांत साधारण 1 ते 3 टक्के शक्ती जाते आणि मग ही घट थांबते.

कॅल्क्युलेटरवर असते त्या पातळ, अस्फटिक सिलिकॉनमध्ये मात्र सुरुवातीच्या महिन्यांत 10 ते 30 टक्के घट येऊ शकते. स्टेबलर आणि व्रोन्स्की या संशोधकांनी 1977 मध्ये ती दाखवून दिली.

मग आमचे 18 वॅट कुठे गेले? पॅनलवरचा आकडा 25 अंश तापमानाचा असतो. त्यापुढे दर अंशाला सुमारे 0.4 टक्के शक्ती कमी होते. आमचे पॅनल 60 अंशांवर तापले होते. म्हणजे 14 टक्के उष्णतेने गेले. ते गारव्यात परत मिळतात. उरलेले पहिल्या उन्हाचे आणि थोडे धुळीचे. पॅनल चांगलेच होते.

सौर दिवा घेताना किंवा मोसंबीच्या बागेला सौर पंप बसवताना तीन गोष्टी लक्षात ठेवा:

1. हमीपत्रात पहिल्या वर्षाची आणि पुढील प्रत्येक वर्षाची घट वाचा. पुष्कळ कंपन्या 25 वर्षांनंतर 80 टक्के शक्तीची हमी देतात.
2. बोरॉनऐवजी गॅलियम वापरलेले पॅनल मिळते का, विचारा; त्यात ही सुरुवातीची घट फार कमी असते.
3. धूळ सकाळी पुसा. तापल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

आम्ही पॅनल बदलले नाही. वाचलेल्या पैशांत शेजारच्या वस्तीसाठी बॅटरी घेतली.