गुडघा दुखावून परतलेला खेळाडू : त्याचें मोल कसें ठरवावें?

क्रिकेटची मोठी स्पर्धा सुरू झाली कीं वर्गावर्गांतून कागदी संघ तयार होऊं लागतात. वहीच्या शेवटच्या पानावर अकरा नांवें लिहावयाचीं, त्या खेळाडूंनीं प्रत्यक्ष सामन्यांत केलेल्या कामगिरीप्रमाणें गुण मांडावयाचे, आणि स्पर्धा संपल्यावर कोणाचा संघ वरचढ ठरला तें पाहावयाचें, असा हा खेळ. अमरावती-अकोल्याकडे तो बहुधा क्रिकेटवर चालतो. कांहीं विद्यार्थी इंग्लंडांतील फुटबॉलवरहि चालवितात. पैसे लावून संगणकावर चालणारे असले खेळ संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें कायदा करून निषिद्ध ठरविले, आणि तें योग्यच झालें असें आमचें मत आहे. परंतु पैशाचा संबंध तोडला म्हणजे मागें जें उरतें तें एक चांगलें अंकगणित आहे. त्यांतील सर्वांत अवघड उदाहरण म्हणजे गुडघा दुखावल्यामुळें कित्येक महिने घरीं बसलेला व आतां मैदानावर परतलेला खेळाडू. त्याला घ्यावें कीं न घ्यावें? घ्यावयाचें तर केव्हां, आणि किती किंमत देऊन? हें उदाहरण आम्ही येथें सोडवून पाहणार आहों. आपल्या शाळेच्या मैदानावरहि तें दरवर्षीं निराळ्या रूपानें पुढें येतें, आणि तेथें चुकीचें उत्तर फार महाग पडतें.

प्रथम गुडघा म्हणजे काय तें पाहूं. वर मांडीचें हाड, खालीं नडगीचें हाड, आणि पुढें वाटी, या तिन्हींचा हा सांधा. खांद्याचा किंवा खुब्याचा गोळा खोबणींत बसतो. येथें तशी खोबण नाहीं. सपाट पाटावर दोन नारळ ठेवावे तसा हा प्रकार आहे. ते नारळ जागच्या जागीं धरून ठेवण्याचें काम अस्थिबंध करतात. दोन बाजूंस दोन, आणि सांध्याच्या आंत फुलीप्रमाणें एकमेकांस छेदून जाणारे दोन. या फुलीतला पुढचा बंध, ज्यास डॉक्टर व वर्तमानपत्रें 'एसीएल' म्हणतात, तो नडगीला पुढें सरकूं देत नाहीं व गुडघ्याला नको तितका पीळ बसूं देत नाहीं. हाडांच्या मधें कूर्चेच्या दोन चंद्रकोरी गाद्या असतात. त्या धक्का सोसतात. नवल असें कीं, हा पुढचा बंध बहुतेक वेळां कोणाचा धक्का न लागतांच तुटतो : उडी मारून खालीं येतांना, धांवतां धांवतां एकदम वळतांना, किंवा पाय जमिनींत रुतला असतां अंग फिरलें म्हणजे.

मोडलेलें हाड जुळून येतें. हा बंध मात्र पूर्ण तुटला तर बहुधा आपण होऊन जुळत नाहीं. म्हणून त्याच खेळाडूच्या मांडीमागील किंवा वाटीखालील कंडरेचा तुकडा घेऊन नवा बंध बसवितात. येथें एक गोष्ट पक्की लक्षांत ठेवावी. बसविलेला तुकडा पहिल्या दिवसापासून बळकटच होत जातो असें नाहीं. आरंभीं तो उलट अशक्त होतो, मग त्यांत नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि हळूहळू, वर्षभर किंवा त्याहूनहि अधिक काळ, त्याचें अस्थिबंधांत रूपांतर होत राहतें. खेळाडूच्या वेदना थांबलेल्या असतात, सूज उतरलेली असते, तो हंसत धांवत असतो, आणि आंतील दोर अजून कच्चाच असतो.

तेव्हां 'गुडघ्याला दुखापत' एवढ्या बातमीवरून कांहींच ठरवितां येत नाहीं. कूर्चेचा फाटका कांठ कापून टाकला असेल तर खेळाडू कांहीं आठवड्यांत परततो. तीच कूर्चा शिवली असेल तर महिने लागतात. एसीएल नवा बसविला असेल तर नऊ महिने हा किमान काळ समजावा. नॉर्वे व अमेरिका येथील अभ्यासकांनीं २०१६ सालीं दाखवून दिलें कीं, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळावयास जाणें जितके महिने लांबवावें, तितक्या वेळां पुन्हां दुखापत होण्याचें प्रमाण दर महिन्यास सुमारें निम्म्यानें घटतें. आणखी एका मोठ्या संकलनांत, २०१४ सालीं, असें आढळलें कीं, अशी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं शेकडा ८१ कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परतले, शेकडा ६५ आपल्या पूर्वीच्या पायरीवर पोंचले, आणि स्पर्धात्मक खेळाकडे परतणारे शेकडा ५५ च निघाले. कागदी संघ बनविणाऱ्यानें हे तीन आंकडे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवण्यासारखे आहेत.

दुसरा प्रश्न असा कीं, त्या खेळाडूचें काम त्याच्या गुडघ्यापाशीं काय मागतें? न्यूझीलंडच्या केन विल्यमसननें ३१ मार्च २०२३ रोजीं अहमदाबादेस सीमारेषेवर झेप घेतली व त्यांत त्याचा एसीएल तुटला. शस्त्रक्रिया होऊन १३ ऑक्टोबरला तो विश्वचषकांत बांगलादेशाविरुद्ध उतरला आणि ७८ धावा केल्या. साडेसहा महिन्यांत हें साधलें याचें एक कारण असें कीं, फलंदाजाच्या गुडघ्याला वेगवान गोलंदाजाच्या गुडघ्याइतका हिसका बसत नाहीं. त्याच डावांत धांवतांना फेकीचा चेंडू अंगठ्यावर बसून तो पुन्हां बाहेर गेला. याचा गुडघ्याशीं कांहीं संबंध नव्हता. कागदी संघाच्या मालकाला मात्र दोन्ही सारखेंच.

रवींद्र जडेजाचें उदाहरण आपल्या विदर्भांतच घडलें. सप्टेंबर २०२२ मध्यें त्याच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. डावखुरा गोलंदाज चेंडू टाकतांना उजवा पाय पुढें रोवतो, म्हणजे दुखावला तो भार घेणाराच गुडघा. नागपूरच्या जामठा मैदानावर ९ फेब्रुवारी २०२३ रोजीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी सुरू झाली तेव्हां पुष्कळांना शंका होती. जडेजानें पहिल्या डावांत ४७ धावांत ५ बळी घेतले, फलंदाजींत ७० धावा काढल्या, आणि सामनावीर ठरला. शंका घेणाऱ्यांनीं एक गोष्ट पाहिली नव्हती. नागपूरला येण्यापूर्वीं, जानेवारींत, तो चेन्नईस तामिळनाडूविरुद्ध रणजी सामना खेळला होता आणि दुसऱ्या डावांत त्यानें ५३ धावांत ७ बळी घेतले होते. लांबलचक षटकें टाकून गुडघा टिकला कीं नाहीं याची परीक्षा तेथेंच होऊन गेली होती. ती वर्तमानपत्रांत सर्वांसाठीं छापून आलेली होती. परतीच्या सामन्याआधींचा लहान सामना वाचण्याची संवय ज्यानें लावून घेतली, त्याला असले गुण जवळजवळ फुकट मिळतात.

फुटबॉलमध्यें प्रश्न मिनिटांचा असतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगवर चालणाऱ्या कागदी खेळांत साठ मिनिटांहून कमी खेळणाऱ्यास एक गुण व साठ किंवा अधिक मिनिटें खेळणाऱ्यास दोन मिळतात. बचावपटूच्या संघावर गोल झाला नाहीं तर त्याला आणखी चार; पण तो साठ मिनिटें मैदानावर असला तरच. परतलेल्या खेळाडूला शिक्षक आरंभीं वीस-पंचवीस मिनिटेंच खेळवितात. म्हणजे नांव मोठें आणि गुण एक! लिव्हरपूलचा व्हर्जिल व्हॅन डाइक १७ ऑक्टोबर २०२० रोजीं जायबंदी झाला. पुढल्या उन्हाळ्यांत आपल्या राष्ट्राकडून यूरोपच्या स्पर्धेंत खेळण्याचा मोह त्यानें आवरला, ऑगस्ट २०२१ मध्यें नव्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यांत तो उतरला, आणि त्या हंगामांतील ३८ पैकीं ३४ सामने खेळला. दहा महिने थांबणारा असा खेळाडू, आमच्या मतें, सहा महिन्यांत धांवत येणाऱ्यापेक्षां केव्हांहि अधिक मोलाचा.

आतां थोडा हिशोब करूं. समजा, परतलेला नामांकित खेळाडू धडधाकट असतां सामन्यास सरासरी ६ गुण देत असे, आणि त्याच्या जागीं असलेला साधा खेळाडू ४ देतो. आठ सामने धरा. परतलेला पहिले चार सामने बदली म्हणून उतरून दीड-दीड गुण देईल, पुढले चार पांच-पांच, एकूण २६. साध्या खेळाडूचे आठ सामन्यांत ३२. परंतु चार सामने साध्याला ठेवून पांचव्यास अदलाबदल केली तर १६ आणि २०, मिळून ३६ होतात. खेळाडू तेच, फरक केवळ वेळेचा. मोठें नांव दिसतांच पहिल्या दिवशीं घेणारा विद्यार्थी त्या नांवाचे जुने गुण मोजीत असतो.

येथवर गुडघ्याचा विचार झाला. किंमत ही निराळी वस्तु आहे, आणि या दोहोंची गल्लत सर्वांत अधिक होते. ऋषभ पंतची मोटार ३० डिसेंबर २०२२ रोजीं रूडकीजवळ उलटली. जानेवारींत मुंबईस त्याच्या उजव्या गुडघ्याच्या अस्थिबंधांवर शस्त्रक्रिया झाली. तो यष्टिरक्षक, वीस षटकांच्या डावांत त्याला निदान १२० वेळां उकिडवें बसून उठावें लागतें. सुमारें पंधरा महिन्यांनीं, मार्च २०२४ मध्यें, तो आयपीएलमध्यें परतला, यष्टिरक्षणहि केलें, आणि त्या हंगामांत ४४६ धावा काढल्या. गुडघा उत्तीर्ण झाला होता. त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या लिलावांत लखनौनें त्याला २७ कोटींस घेतलें. तोंवर त्या लिलावांत एवढी किंमत कोणास आली नव्हती. पुढील हंगामांत त्यानें २६९ धावा केल्या, आणि त्यांपैकीं नाबाद ११८ शेवटच्या एकाच सामन्यांत. बाकी सर्व सामने मिळून १५१. गुडघा बरा असूनहि सौदा महाग पडला.

तो शेवटचा सामना वऱ्हाडांतील वाचकांस आठवत असेलच. २७ मे २०२५, लखनौ. पंतच्या ११८ धावांमुळें लखनौच्या २२७ झाल्या, आणि बंगळूरच्या बाजूनें अमरावतीचा जितेश शर्मा, जो त्या दिवशीं कर्णधारहि होता, त्यानें ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून सामना जिंकून दिला. जितेशची किंमत ११ कोटि. त्या हंगामांतील त्याच्या धावा २६१. दोघेहि यष्टिरक्षक-फलंदाज, भागाकार करून पाहा. एकाच्या कोटीस सुमारें १० धावा, दुसऱ्याच्या सुमारें २४. हा हिशोब ढोबळ आहे हें आम्ही जाणतों. नेतृत्वाला, नांवाला व तिकिटांच्या विक्रीला यांत घर नाहीं. पण वहीवरच्या संघांत या तिन्हींस गुणहि नाहींत.

आतां आपल्या मैदानाकडे वळूं. अमरावतीस १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झालें, आणि १९३६ सालीं त्याचें पथक बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळ दाखवून आलें. कबड्डी व खो-खो यांचें वेड आपल्याकडे तेव्हांपासून कमी झालेलें नाहीं. हे दोन्ही खेळ गुडघ्याच्या दृष्टीनें मोठे कठीण आहेत. चढाई करणारा एका पायावर गर्रकन् वळतो; खो-खोंतला पळणारा खांबाशीं अंग पिळवटून दिशा बदलतो. त्यांत आपली काळी माती : पावसाळा संपून ती वाळली कीं भेगा पडतात, आणि भेगेंत पाय अडकला म्हणजे अंग फिरतें पण पाऊल फिरत नाहीं.

अशा वेळीं आपण 'पाय मुरगळला' म्हणतों, तेल चोळतों, आणि दोन आठवड्यांनीं मुलगा चालूं लागला कीं त्याला आंतरशालेय सामन्यांत उतरवितों. चालतां येणें व वळतां येणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. सरळ चालण्यास एसीएल फारसा लागतहि नाहीं. दुखावलें त्या क्षणीं आंत 'फट्' असा आवाज झाला असेल, कांहीं तासांतच गुडघा टम्म सुजला असेल, किंवा पुढें वळतांना तो 'निसटतो' असें मूल सांगत असेल, तर पालकांनीं अस्थिरोगतज्ज्ञाकडेच जावें. मुलींच्या बाबतींत अधिक जपावें. त्याच खेळांत हा बंध तुटण्याचें प्रमाण मुलांपेक्षां मुलींत अधिक असतें. आणि २०१६ सालच्या एका संकलनाप्रमाणें, पंचविशीच्या आंतील जे शस्त्रक्रियेनंतर खेळाकडे परतले, त्यांपैकीं शेकडा २३ जणांचा हा बंध, त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याचा, पुन्हां तुटला. वहीवरील संघांत असा खेळाडू घेऊन फसलेल्याचे चार गुण जातात.

परतण्यापूर्वीं तज्ज्ञ जी एक परीक्षा घेतात ती समजण्यास सोपी आहे. प्रथम चांगल्या पायावर एकदा लंगडी उडी मारावयाची व त्याच पायावर स्थिर उभें राहावयाचें. मग दुखावलेल्या पायानें तसेंच. तीन-तीन उड्यांची सरासरी घ्यावयाची. चांगल्या पायाची उडी १५० सेंटिमीटर भरली तर दुसऱ्याची निदान १३५ भरली पाहिजे, म्हणजे शेकडा ९०. मांडीच्या स्नायूंच्या ताकदीलाहि हेंच माप लावतात. चुन्याची रेघ, मोजफीत व पेन्सिल एवढ्यावर ही परीक्षा कोणत्याहि शाळेच्या मैदानावर घेतां येते. मात्र ती डॉक्टरांनीं उडी मारण्याची परवानगी दिल्यावरच, आणि भेगा बुजविलेल्या जागीं.