साउथ हॅडलीला निघालेल्या भाचीला

अगं, अमेरिकेतल्या माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजचं प्रवेशाचं पत्र आल्यापासून तुमच्या घरात फक्त बॅगांची चर्चा चालू आहे. मेतकूट किती, थर्मल किती, कुकर न्यायचा का. कुकर नेऊ नकोस, हॉस्टेलच्या खोलीत शेगडी चालत नाही. बाकी सामानाचं वहिनी बघेल. मी तिथे शिकले आहे, म्हणून मला तुझ्याशी वर्गात कसं बसायचं त्याबद्दल बोलायचंय.

वर्गात तोंड उघड. आपल्याकडे शहाणी मुलगी म्हणजे खाली मान घालून लिहून घेणारी. तिथे गप्प बसणाऱ्या मुलीबद्दल समज होतो की हिने वाचूनच आणलेलं नाही. पंधरा-वीसजणी टेबलाभोवती बसलेल्या असतात, लपायला मागचा बाक नसतो. बऱ्याच विषयांच्या सिलॅबसमध्ये चर्चेतल्या सहभागाला मार्क असतात, तो कागद पहिल्याच दिवशी नीट वाच. आदल्या रात्री वाचताना समासात दोन प्रश्न लिहून ठेव आणि त्यातला एक तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत विचारून टाक. जितकं थांबशील तितकी छाती जास्त धडधडेल. वाक्य मनात दहा वेळा घोळवून सुधारत बसलीस, तर तोवर चर्चा पुढे गेलेली असते. ‘हा परिच्छेद मला कळला नाही’ हेही बोलणंच आहे, आणि बहुतेक वेळा तो आणखी चौघींनाही कळलेला नसतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी. प्रत्येक प्राध्यापक आठवड्यातले काही तास ऑफिसात फक्त विद्यार्थिनींसाठी बसतात. त्याला ऑफिस अवर्स म्हणतात. आपल्या मुलींना वाटतं, पेपर वाईट गेला तरच तिथे जायचं, उगाच कशाला त्यांचा वेळ खायचा. तसं नाही गं. तो वेळ तुझाच आहे, एवढी फी त्याच्यासाठीच असते. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येकीकडे एकदा जाऊन ये. जाताना हातात काहीतरी नेमकं असू दे: न सुटलेलं गणित, अडलेलं पान, निबंधाचा कच्चा पहिला परिच्छेद. हाक मारताना ‘प्रोफेसर’ आणि आडनाव, त्या स्वतः वेगळं सांगेपर्यंत. मोठ्या विद्यापीठांत प्रयोगशाळेतलं बरंचसं काम पीएचडीच्या मुलांकडे असतं. इथे कॉलेज लहान आणि मुख्यतः पदवीपुरतं, त्यामुळे ते काम बीएच्या मुलींच्या हाती येतं. पण ते मागावं लागतं, आणि मागायची जागा म्हणजे हेच ऑफिस अवर्स. पुढे शिफारसपत्र लागेल तेव्हा ते तुला ओळखणारी बाईच मनापासून लिहील.

विषय ठरवायची घाई करू नकोस. मेजर, म्हणजे मुख्य विषय, दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत सांगायचा असतो आणि तोवर विज्ञान, समाजशास्त्रं, मानव्यविद्या, परकी भाषा असं सगळीकडचं थोडं घ्यावंच लागतं. दादा म्हणेल, वेळ फुकट. त्याला फ्रान्सिस पर्किन्सची गोष्ट सांग. ही १९०२ सालची इथली पदवीधर, विषय भौतिकशास्त्र. शेवटच्या वर्षी तिने अमेरिकेच्या आर्थिक इतिहासाचा एक कोर्स घेतला. त्यात बाईंनी मुलींना जवळच्या गिरण्या आणि कारखाने बघायला पाठवलं. तिथे राबणाऱ्या बायका-मुलांची अवस्था पर्किन्सने पाहिली आणि तिच्या आयुष्याची दिशा बदलली. १९३३ साली ती अमेरिकेची मजूरमंत्री झाली, त्या देशाच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. १९३५ चा सोशल सिक्युरिटी कायदा घडवण्यात तिचा मोठा वाटा होता. तेव्हा दर सत्रात एक कोर्स असा घे, ज्याचा तुझ्या मेजरशी काडीचा संबंध नाही.

उताऱ्यांच्या बाबतीत मात्र अतिशय जपून राहा. तिथे ऑनर कोड आहे. सत्राअखेरच्या बऱ्याच परीक्षांची वेळ आपणच निवडायची, आणि सोडवताना डोक्यावर पर्यवेक्षक नसतो. एवढा विश्वास टाकतात, म्हणून तो मोडला तर माफी नाही. आपल्याला गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं लिहायची सवय असते. तिथे दुसऱ्याचं एक वाक्यही नाव न देता घेतलं, तर ती चोरी. निबंध दोन दिवस आधी संपव आणि सॉ सेंटरमध्ये दाखव. ते लिहिण्या-बोलण्याला मदत करणारं केंद्र आहे, आणि तिथे वरच्या वर्गातल्या मुलीच तुझ्यासोबत बसून वाचतात. चांगलं लिहिणाऱ्याही जातात, त्यात कमीपणा नाही.

कॉलेज गावात एकटं पडलंय असं पहिल्या हिवाळ्यात वाटेल. तेव्हा बस पकड. स्मिथ, अ‍ॅमहर्स्ट, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ या सगळीकडे बसने जाता येतं आणि तिथले कोर्सही तुला घेता येतात. शरद ऋतूत एका सकाळी अचानक घंटा वाजतील: माउंटन डे. तास रद्द, सगळ्याजणी डोंगरावर. १८३८ पासूनची ही प्रथा. त्या दिवशी अभ्यासाचं निमित्त करून खोलीत बसू नकोस, तुझ्या निम्म्या मैत्रिणी त्या चढावर भेटतील. ओळख करून देताना नावाबरोबर आपल्यासाठी कोणतं सर्वनाम वापरायचं तेही सांगायची तिथे पद्धत आहे. जे सांगितलं जाईल तेच वापर.

आईला, म्हणजे तुझ्या आजीला, एकच काळजी: नुसत्या बायकांत शिकून पोरगी बाहेर कशी टिकणार. तिला सांग, आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या ज्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या, तेही बायकांचंच होतं. मेरी लायन यांनी १८३७ मध्ये माउंट होल्योक काढलं ते मुलींना खरं रसायनशास्त्र, खरं गणित शिकवायला, आणि फी कमी राहावी म्हणून घरकाम मुलींनीच वाटून घेतलं. नवजात बाळाचा अपगार स्कोअर शोधणाऱ्या व्हर्जिनिया अपगार १९२९ मध्ये इथूनच बाहेर पडल्या. विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष कोण, प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे, वर्तमानपत्राची संपादक कोण, या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर तिथे आपोआप ‘मुलगा’ असं येत नाही. चार वर्षं हे पाहिलेली मुलगी पुढे नोकरीत बैठकीला गेली की कोपऱ्यातली खुर्ची शोधत नाही. माझं हे ठाम मत आहे.

आता शेवटचं, पैशांचं. तुझ्या एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. लायब्ररीत किंवा डायनिंग हॉलमध्ये पहिल्या आठवड्यातच नाव दे, जागा लवकर भरतात. कॅम्पसबाहेर मात्र परवानगी हातात आल्याशिवाय एक दिवसही पगारी काम करू नकोस, उन्हाळ्यातली इंटर्नशिपसुद्धा नाही. यात चूक झाली तर व्हिसाच धोक्यात येतो. शंका आली तर मैत्रिणींना विचारत बसू नकोस, परदेशी विद्यार्थ्यांचं ऑफिस आहे, थेट तिथे जाऊन विचार.