गेटच्या आत कायदा वेगळा

पोरी, पुढच्या महिन्यात शाळेची आठवीची मुलं घेऊन तू बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जाणार आहेस, असं तुझ्या आईनं सांगितलं. बस, डबे, पाणी, पालकांची संमतिपत्रं हे तू नीट करशीलच. मी सांगतोय ते त्या यादीत नसतं. मला हे एका जुन्या वनरक्षकानं शिकवलं, त्याला त्याच्या वरच्या वनपालानं. त्यातलं बरंचसं तर उद्यानातल्या पाड्यांवरच्या वारली म्हाताऱ्यांना कायदा यायच्या आधीपासून ठाऊक होतं.

सगळ्यात आधी तिकिटाचं. गेटवर पैसे भरून तिकीट घेतलं की आपल्याला वाटतं, आत फिरायचा हक्क विकत घेतला. तसं नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे राष्ट्रीय उद्यानात तिथले कर्मचारी, तिथले रहिवासी आणि सार्वजनिक रस्त्यानं जाणारे एवढे सोडले, तर बाकी कुणालाही परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. परवाना कशासाठी देता येतो तेही कायद्यात लिहिलंय: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, किंवा आत राहणाऱ्या माणसाकडे काही रीतसर काम. आपलं तिकीट म्हणजे पर्यटनाचा परवाना. तो अटींवर मिळतो. ज्या वाटेवर जायची मुभा आहे तिथंच जायचं, सांगितलेल्या वेळेला बाहेर पडायचं. "बाई, थोडंसं आत जाऊन बघूया ना" म्हणणारा एक मुलगा प्रत्येक वर्गात असतो. त्याला बसमध्येच सांग की पाटीच्या पलीकडे पाऊल टाकलं तर आपल्या हातातलं तिकीट निरुपयोगी आहे.

दुसरं, काही उचलायचं नाही. इथं सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या चांगल्या मनाच्या माणसांकडून होतात. मुलांना निसर्गाच्या वहीत चिकटवायला पानं हवी असतात, बाईंना वर्गातल्या टेबलावर ठेवायला एखादं सुंदर वाळलं फळ. पण या कायद्यात 'वन्यजीव' म्हटलं की प्राण्यांबरोबर त्यांच्या अधिवासातली झाडंझुडपंही येतात. आणि राष्ट्रीय उद्यानातून वन्यजीव किंवा वनोपज नष्ट करायला, वापरायला, बाहेर न्यायला मनाई आहे. वनोपजात काय काय येतं ते १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वाच: लाकूड, पानं, फुलं, फळं, मध, मेण, कोष, कातडी, शिंगं, हाडं, इतकंच काय, माती आणि दगडसुद्धा. म्हणजे ओढ्यातला गुळगुळीत गोटा खिशात टाकला तरी तो जंगलाचा माल आहे.

मुलं विचारतील, एका पानानं काय होतंय? प्रश्न चांगला आहे, उडवून लावू नकोस. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, भोवती मुंबई आणि ठाणे. इथं वर्षाला लाखो माणसं येतात. प्रत्येकानं एकेक पान नेलं तर काय, हा हिशेब मुलांना फळ्यावर करायला लाव. आणि हेही सांग की पडलेलं पान वाया गेलेलं नसतं. ते कुजतं, त्यात वाळवी आणि बुरशी काम करते, त्यातून पावसाळ्यात जमीन पाणी धरते. याच जंगलाच्या उतारांवरून विहार आणि तुळशी तलावांत पाणी येतं. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्ही आजही मुंबईला पाणी देतात.

शिंगांबद्दल वेगळं सांगतो. चितळ आणि सांबर नरांची शिंगं दरवर्षी गळतात. जंगलात असं गळलेलं शिंग दिसलं की माणसाला मोह होतो, कारण त्यासाठी कुणी जनावर मारलेलं नसतं. पण कायद्यात मृगशिंग हे वन्यप्राण्याच्या अवशेषांत मोडतं, आणि ते सरकारी मालमत्ता आहे. शिवाय एक कलम फार कडक आहे, ५७ वं. असा अवशेष तुझ्या ताब्यात सापडला की तो बेकायदाच आहे असं न्यायालय धरून चालतं. तसा नाही, हे तू सिद्ध करायचं. "मला रस्त्यात मिळालं" एवढ्यानं भागत नाही. चुकून एखाद्या मुलाच्या पिशवीत असं काही निघालं तर लपवू नकोस, बाहेर नेऊन टाकूही नकोस. तिथल्या तिथं जवळच्या वनरक्षकाच्या हवाली कर. अशी वस्तू किंवा प्राणी हाती आल्यावर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वनअधिकाऱ्याला कळवणं हे बंधनच आहे. जंगलात ते शिंग उंदीर, साळिंदर कुरतडतात, त्यातून त्यांना कॅल्शियम मिळतं. ते कुणाच्या तरी पोटी जायचं असतं.

आता कॅमेऱ्याचं, कारण आठवीच्या मुलांकडे फोन असतीलच. 'शिकार' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे बंदूक येते. कायद्यातली व्याख्या खूप रुंद आहे. पकडणं, विष घालणं, फास लावणं, हाकून नेणं, आमिष दाखवणं हे सगळं शिकारीत येतं. आणि पक्षी किंवा सरपटणारा प्राणी असेल तर अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं, हेदेखील. म्हणजे फांदी बाजूला सारून घरट्यातल्या पिल्लांचा फोटो काढणारा माणूस कायद्याच्या भाषेत कुठे जाऊन उभा राहतो ते बघ. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत शिकार केली तर कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. शाळेच्या मुलावर कुणी एवढं लावणार नाही, पण हौशी छायाचित्रकारांनी हे पाठ केलं पाहिजे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं मला फार खटकतं. विणीच्या दिवसांत तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून अंडी सोडून धावत येतो. फोटो मिळतो, तेवढ्यात कावळा घरट्यावर येऊन जातो.

माकडांना खायला घालायचं नाही, हे सगळेच सांगतात आणि कुणीच पाळत नाही. कारण कळलं तर मुलं पाळतील. वेफर्सच्या पुड्यांची सवय झालेलं माकड रस्त्याकडेला येऊन बसतं, मग गाड्यांखाली सापडतं, नाहीतर लहान पोराच्या हातातला डबा ओढताना चावतं. चावल्यावर तक्रार माकडाविरुद्ध होते. उद्यानात खाऊ घालण्यावर बंदी आहे. शिवाय वन्यप्राण्याला छेडणं आणि कचरा टाकणं या दोन्ही गोष्टी कायद्याच्या २७ व्या कलमात एकाच वाक्यात मना केल्या आहेत. अशा सर्वसाधारण गुन्ह्यांना ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ही दंडाची मर्यादा आधी २५,००० होती, २०२२ च्या दुरुस्तीनं वाढली. डबे बसमध्येच खायला लाव आणि रिकामी पाकिटं मोजून पिशवीत भर.

पाण्याजवळ मुलं काय करतात तुला माहीत आहे. ओढ्यात दगड रचून बांध घालतात. खेळ छान आहे, पण गावच्या नदीवर. उद्यानात पाण्याचा प्रवाह वळवायला किंवा अडवायला स्पष्ट मनाई आहे. दगडाखाली खेकडे असतात, बेडकांची पिल्लं असतात, चतुरांच्या अळ्या असतात. दगड उचलला की त्यांचं घर उघडं पडतं. आणि घरचं कासव, मासे, ससा "मोकळा सोडूया" म्हणून कुणी पुण्याच्या भावनेनं आणलं तर त्या पालकांना नम्रपणे परत पाठव. बाजारात मिळणारं लाल कानाचं कासव अमेरिकेतलं. ते इथल्या तळ्यात सोडलं की इथल्या कासवांची जागा आणि अन्न दोन्ही बळकावतं.

आगीबद्दल मी जास्त बोलत नाही, कारण मुलांच्या सहलीत तो प्रश्न यायला नको. पण सोबत येणाऱ्या मोठ्यांना सांग: सिगारेट, काडेपेटी बाहेर. फेब्रुवारी ते मे गवत इतकं वाळलेलं असतं की एका थोटकानं डोंगर पेटतो. वनमजूर उन्हाळ्याआधी आग पसरू नये म्हणून जाळरेषा काढतात, रात्री-बेरात्री फांद्यांनी झोडपून वणवा विझवतात. त्यांच्या कष्टावर पाणी फिरवायचा अधिकार कुणाला नाही.

वाटेत डोक्यावर मोळी किंवा टोपलीत रानभाजी घेतलेली बाई दिसली, तर एखादा हुशार मुलगा म्हणेल, "मग यांना कसं चालतं?" तिथं घाईनं उत्तर देऊ नकोस, आणि त्या बाईकडे बोट तर अजिबात दाखवू देऊ नकोस. तिचे लोक उद्यान जाहीर व्हायच्या कितीतरी आधीपासून इथं राहतात. २००६ चा वनहक्क कायदा जंगलात राहणाऱ्या अशा समाजांसाठी आहे आणि त्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत राष्ट्रीय उद्यानंही येतात. कुणाचा कोणता हक्क मान्य झाला, कोणता रखडला, हा मोठा आणि दुखरा विषय आहे. तो सहलीच्या वाटेवर सोडवायचा नसतो. मुलांना एवढं कळू दे की जे तिच्या पोटाशी जोडलेलं आहे ते आपल्या हौसेला लागू होत नाही.

उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांकडे नेणार असशील तर तिथं आणखी एक कायदा सुरू होतो. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत आणि १९५८ चा स्मारकांचा कायदा त्यांना लागू आहे. भिंतीवर नाव कोरलं तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी मुलांना तिथली पाण्याची टाकी आवर्जून दाखवतो. शंभरावर लेण्यांतल्या भिक्षूंनी डोंगरावर पडणारा पाऊस खडकात कोरलेल्या पन्हाळींनी टाक्यांत उतरवला होता. हे पाहिल्यावर हातातला खिळा मुलं आपणच खिशात घालतात.

कारवीचं मात्र मनापासून सांगतो. इथली कारवी ८ वर्षांनी एकदा सगळी मिळून फुलते. २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली, म्हणजे आता २०३२. तुझी ही मुलं तेव्हा विशीत असतील. फुललेलं झुडूप बी धरतं आणि मरतं. पुढच्या ८ वर्षांची सगळी कारवी त्याच बियांतून यायची असते. फुलोऱ्याच्या वर्षी माणसं फोटोसाठी आत घुसतात, फांद्या मोडतात, रोपं तुडवतात. एक मोडलेली फांदी म्हणजे एका झुडपाची एकुलती एक संधी गेली. तू मुलांना आत्ताच सांगून ठेव, म्हणजे २०३२ ला ती मित्रांना वाटेवरून खाली उतरू देणार नाहीत.

शेवटी बिबट्या, कारण मुलं तेच विचारत राहतील. दिवसा गटानं, गजबजलेल्या वाटेनं जाणाऱ्यांना तो सहसा दिसत नाही. दिसलाच तर पळायचं नाही, मागं लागायचं नाही, खाली वाकायचं नाही. लहान मुलांना मधे घेऊन, एकत्र उभं राहून, त्याला निघून जायला वाट ठेवायची. पण तुझ्या मुलांतली बरीचशी उद्यानाला लागून असलेल्या वस्त्यांत राहतात, तेव्हा त्यांना घरचंही सांग. बिबट्याच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा मोठा वाटा असतो आणि कुत्री येतात कचऱ्यावर. सोसायटीचा कचरा वेळेवर उचलला जाणं हे बिबट्यापासूनचं सगळ्यात मोठं संरक्षण आहे. २००४ साली या परिसरात हल्ल्यांत अनेक माणसं गेली. तेव्हा सगळीकडे "पिंजरा लावा" एवढंच ऐकू येत होतं. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी, कारणांसह हुकूम लागतो. गेटवरच्या वनरक्षकावर ओरडून उपयोग नाही. आणि पकडून दूर सोडलेला बिबट्या अनोळखी मुलखात जास्त धोक्याचा ठरतो, हे महाराष्ट्रातल्या अभ्यासांनीच दाखवलंय. जीव वाचवताना प्रामाणिकपणे प्राणी जखमी झाला किंवा मेला तर तो गुन्हा नाही, पण त्या वेळी तू स्वतः कायदा मोडत असलीस, तर ही सवलत मिळत नाही. आणि तो दिसल्याची जागा व्हॉट्सअॅपवर टाकायची नाही. गर्दी जमली की घाबरलेला प्राणी कुणावर तरी जातो.

आता कामाला लाग. सहलीच्या आधी पालकांना जे पत्र पाठवशील त्यात दोन ओळी वाढव: काही उचलायचं नाही, काही खाऊ घालायचं नाही. तुझ्या आणि सोबतच्या शिक्षकांच्या फोनमध्ये वनविभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ घालून ठेवा. फास, जाळं, वणवा, जखमी प्राणी, काहीही दिसलं तरी हात लावायचा नाही, कुणाच्या मागं जायचं नाही. जागा आणि वेळ लिहून घ्यायची, दुरून एक फोटो घ्यायचा आणि लगेच त्या क्रमांकावर कळवायचं.