कंबरदुखी : शस्त्रक्रिया की अन्य उपचार? – एक अभ्यास

दीघ निकायातील संगीतिसुत्तात एक छोटा प्रसंग आहे. पावा नगरीत मल्लांनी नवे सभागृह उभारले होते. भगवान बुद्धांनी तेथे रात्री उशिरापर्यंत मल्लांना उपदेश केला. ते निघून गेल्यावरही भिक्षुसंघ ऐकण्यास उत्सुक होता. तेव्हा आपली पाठ दुखत असल्याचे सांगून भगवंतांनी पुढील धम्मकथन सारिपुत्तांकडे सोपविले आणि संघाटीची चौपदरी घडी अंथरून ते उजव्या कुशीवर विसावले. मज्झिम निकायातील सेखसुत्तातही, कपिलवस्तू येथे, असाच प्रसंग येतो. तेथे धम्मकथनाची जबाबदारी आनंदांवर येते. दुखणे लपवू नये, त्याला योग्य विश्रांती द्यावी आणि काम थांबू न देता ते दुसऱ्या समर्थ हाती सोपवावे, एवढा बोध या प्रसंगांतून आम्ही घेतो.

स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय निवडला, त्यास कारण आहे. धरणगाव हे कापसाचे गाव. आमच्या वसतिगृहात मुले ठेवून जाणाऱ्या पालकांपैकी अनेकांचे आयुष्य कंबरेच्या बळावर चालते. जिनिंगमध्ये १७० किलोच्या रुईच्या गाठी रेटणारे हमाल, कंबरेला ओटी बांधून दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या माता, रावेर-यावलकडे वीस-पंचवीस किलोचा केळीचा घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत चालणारे मजूर, आणि आता ट्रक किंवा रिक्षा चालविणारे आमचेच माजी विद्यार्थी! यांच्यापैकी कोणाची कंबर धरली की घरातील चूल अडते. मग प्रश्न येतो : ऑपरेशन करावे की करू नये?

दोन घरे, दोन निर्णय

काही वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याचे वडील आमच्याकडे आले. हमालीत त्यांच्या कंबरेत चमक भरली होती आणि कळ डाव्या पायात पोटरीपर्यंत उतरत होती. शहरातील एका खासगी दवाखान्यात एमआरआयची फिल्म पाहून, ‘गादी सरकली आहे, आठवड्यात ऑपरेशन करा, नाहीतर पाय जाईल’ असे त्यांना सांगण्यात आले. तपासणी जेमतेम पाच मिनिटांची झाली होती. घरात अर्धा एकर शेत विकण्याची बोलणी सुरू झाली. आम्ही वैद्य नव्हतो; पण त्यांच्याबरोबर दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाणे आम्हांस शक्य होते. त्या डॉक्टरांनी त्यांना टाचांवर व चवड्यांवर चालावयास लावले, पायांतील शक्ती व संवेदना तपासल्या, लघवी-शौचाविषयी विचारले आणि सहा आठवडे थांबण्यास सांगितले. औषधे, रोजचे चालणे व शिकविलेले व्यायाम यांवर अडीच महिन्यांत ते बाजारात पायी जाऊ लागले. शेत वाचले.

त्याच वर्षी दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या आईच्या बाबतीत उलट घडले. दुखणे सुरू झाले तेव्हा पायाळू माणसाकडून पाय लावून घेणे झाले, मालीश झाली, हाडवैद्य झाला. दरम्यान उजवे पाऊल लोंबू लागले, चप्पल पायातून निसटू लागली. तरीही ‘वेचणी आटोपू द्या’ म्हणून दिवस गेले. अखेर लघवी अडली तेव्हा धावपळ झाली. शस्त्रक्रियेने वेदना थांबली. परंतु पावलातील शक्ती पूर्णपणे परतली नाही. ‘लवकर आणले असते तर’ हे शब्द त्या घरात आजही उच्चारले जातात.

पहिल्या घराने घाई केली असती तर चूक झाली असती; दुसऱ्या घराने घाई न केल्याने चूक झाली. म्हणून ‘ऑपरेशन वाईट’ किंवा ‘ऑपरेशनच खरा उपाय’ अशी दोन्ही सरसकट मते आम्ही नाकारतो.

दुखते ते काय?

आपल्या कंबरेच्या भागात पाच मणके असतात. दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. तिलाच आपण गादी म्हणतो. तिचे बाहेरचे वेष्टन चिवट आणि आतील गर मऊ असतो. वेष्टनाला चीर पडून गर बाहेर आला आणि त्याने शेजारच्या शिरेला डिवचले की कळ नितंबातून पायात उतरते. गादीच्या या दोषाचा आणि त्यावरील शस्त्रक्रियेचा सविस्तर वृत्तान्त अमेरिकेतील मिक्स्टर आणि बार या दोन शल्यवैद्यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासून या शस्त्रक्रियेचा प्रसार झाला.

मात्र प्रत्येक कंबरदुखी गादीची नसते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार सुमारे ९० टक्के रुग्णांत दुखण्याचे एकच निश्चित शारीरिक कारण दाखविता येत नाही. २०२० मध्ये जगातील सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. त्या सर्वांवर चाकू चालविणे हा उपाय असू शकत नाही.

एमआरआयविषयीही समज असावी. कोणतेही दुखणे नसलेल्या माणसांच्या फिल्म तपासणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतील सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीतील सुमारे ६० टक्के निरोगी माणसांतही गादी फुगलेली दिसते. केस पिकतात तशी गादीही वयोमानाने झिजते. म्हणून निर्णय केवळ फिल्मवरून होत नाही. फिल्ममधील दोष आणि रुग्णाची लक्षणे यांचा मेळ बसावा लागतो.

थांबू नये असे प्रसंग

पुढील लक्षणे दिसताच विलंब न लावता मोठे रुग्णालय गाठावे :

१. लघवी अडणे, किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे.
२. जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे.
३. पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, पाऊल लोंबणे.
४. ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. त्यावर मुख्य उपचार औषधांचा असतो. शस्त्रक्रिया काही रुग्णांनाच लागते.
५. पूर्वी कर्करोग झालेला असणे, किंवा पडल्यानंतर वा अपघातानंतर तीव्र वेदना सुरू होणे.

पहिल्या दोन लक्षणांत तर तास मोजावे लागतात, दिवस नव्हेत.

थांबता येते तेव्हा

ही लक्षणे नसतील तर घाईचे कारण नसते. गादीमुळे पायात कळ येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना आराम पडतो. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींवर लवकर शस्त्रक्रिया करावयाची आणि काहींनी अन्य उपचार घेत थांबावयाचे, अशी विभागणी त्यात होती. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना लवकर ओसरली; परंतु वर्षअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झालेले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र पुढे वेदना असह्य झाल्याने शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. अर्थ स्पष्ट आहे : शस्त्रक्रियेने सुटका लवकर होते, थांबल्याने अनेकांची शस्त्रक्रिया टळते. वेदना किती सोसवते आणि मजुरी किती दिवस बुडाली तर चालेल, हे रुग्णाने व घराने ठरवावयाचे असते.

कळ पायात न उतरता केवळ कंबरच वर्षानुवर्षे दुखत असेल, तर शस्त्रक्रियेचा लाभ अधिकच अनिश्चित असतो. ब्रिटनमध्ये अशा ३४९ रुग्णांत मणके जोडण्याची शस्त्रक्रिया आणि व्यायाम व मार्गदर्शनाचा नेटाचा कार्यक्रम यांची तुलना करण्यात आली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शस्त्रक्रियेची स्पष्ट सरशी दिसली नाही. उलट, उतारवयात मज्जारज्जूची वाट अरुंद होऊन थोडे चालताच पाय भरून येत असतील आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरे वाटत असेल, अशा निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेने चांगला लाभ होऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी प्रथमच मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दुखण्याविषयी नीट समजावून सांगणे, व्यायाम, काही भौतिकोपचार, मानसिक आधाराचे उपचार आणि बेताने वेदनाशामके यांचा त्यांत पुरस्कार आहे. कंबरेचा पट्टा, वजने लावून ओढण्याचा उपचार आणि अफूवर्गीय वेदनाशामके नेहमीच्या उपचारात नकोत, असेही त्यांत म्हटले आहे. आपल्याकडे पट्टा हाच पहिला उपाय समजला जातो. चालणे हा खरा पहिला उपाय आहे. महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात आणि दुखणे लांबते.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

शस्त्रक्रिया सुचविली गेली तर पुढील प्रश्न नम्रपणे पण न कचरता विचारावेत :

• फिल्ममधील दोष आणि माझी लक्षणे जुळतात काय?
• पायाची कळ जाईल की कंबरेचे दुखणेही जाईल?
• सहा आठवडे थांबल्यास काय धोका आहे?
• गर काढणार आहात की मणके जोडणार आहात?
• यात कोणते धोके आहेत, आणि पुन्हा ओझे उचलता येईल का, केव्हा?
• एकूण खर्च किती?

दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा पहिल्याचा अपमान नव्हे. जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आपल्या आवाक्यात आहेत. खर्चासाठी शेत काढण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी अवश्य करावी. ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने २०१२ मध्ये ही योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला धुळे जिल्हा होता. सुचविलेली शस्त्रक्रिया योजनेत बसते की नाही, हे योजनेतील रुग्णालयात बसणारे आरोग्यमित्र सांगतात. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्यावे.

जीवकाचा धडा

विनयपिटकातील महावग्गात राजवैद्य जीवकाच्या कथा आहेत. साकेतच्या श्रेष्ठीपत्नीची सात वर्षांची डोकेदुखी त्याने नाकावाटे औषधी तूप देऊन बरी केली. राजा बिंबिसाराचे भगंदर लेपाने बरे केले. मात्र वाराणसीच्या श्रेष्ठीपुत्राच्या आतड्याला पीळ पडला होता, तेव्हा त्याने पोट उघडून तो पीळ सोडविला. राजगृहाच्या श्रेष्ठीचे मस्तक उघडण्यापूर्वी, नंतर दीर्घकाळ पडून राहावे लागेल याची कबुली त्याने रुग्णाकडून आधीच घेतली. वैद्य तोच, पण प्रत्येक वेळी आधी तपासणी आणि मग रोगानुसार उपचार.

संयुत्त निकायातील सल्लसुत्तात दोन बाणांची उपमा आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण. भीती, संताप आणि शोक हा आपणच मारून घेतलेला दुसरा बाण. ‘पाय जाईल’ या भीतीने शेत विकावयास निघणे हा दुसरा बाणच. पाऊल लोंबत असताना ऑपरेशनच्या भीतीने डोळे मिटून घेणे हाही दुसराच बाण. पहिला बाण काढण्यास वैद्य आहेत. दुसरा टाळणे माहितीने आणि विचाराने साधते. तेवढ्याचसाठी हा अभ्यास आम्ही आपल्या हाती देत आहोत. घरी कोणाची कंबर दुखत असेल तर तो त्यांना वाचून दाखवावा, आणि दवाखान्यात जाताना त्यांना एकटे पाठवू नये, एवढीच विनंती.