किती फेरे बसले?

विट्याहून तारकर्लीला गेलेलं हे पत्र चार पानांचं आहे. मामांनी भाच्याला इतकं लांबलचक याआधी कधी लिहिलं नव्हतं. दोनदा फोन केला तर उचलला गेला नाही, आणि इकडे एसटी स्टँडवर बातमी फिरत होती: मालवणला होडीवर स्कुबाची बाटली फुटली, विट्याचाच पोरगा होता म्हणे. आक्काच्या, म्हणजे भाच्याच्या आईच्या, कानावर यातलं काही जाऊ दिलेलं नाही, हे पहिल्याच ओळीत आहे. दुसऱ्या ओळीत थेट प्रश्न: "रेग्युलेटर पिळताना किती फेरे बसले, मोजलेस का?"

खरी हकीकत मामांना भाच्याच्या मित्राकडून कळली. बाटली शाबूत होती. भाच्याने कुणा परदेशी पाहुण्याकडून स्वस्तात घेतलेला जुना रेग्युलेटर, म्हणजे बाटलीतली हवा श्वासाला पुरवणारं यंत्र, अडॅप्टर लावून बाटलीवर चढवला, पण अडॅप्टरमध्ये तो पुरता पिळलाच नव्हता. व्हॉल्व्ह उघडताच ओ-रिंग, म्हणजे जोड हवाबंद ठेवणारी रबरी कडी, फाटली आणि बंदुकीसारखा आवाज करत हवा सुटली. पाण्यात अजून कुणी उतरलं नव्हतं, म्हणून निभावलं. जीव भांड्यात पडल्यावर मामांचा राग उसळला. दीड पान नुसतं रागाचं आहे.

त्या रागाला अभ्यासाची जोड आहे. भाचा दिवाळीत आला तेव्हा प्रशिक्षणाचं पुस्तक घरीच विसरला होता. मामांनी ते दोन रात्री जागून वाचलं, शेजारच्या मुलाकडून इंग्रजी समजून घेतलं. भाच्यासारख्या, पर्यटकांना समुद्रात नेणाऱ्यांकडे बहुतेक क्लॅम्पचे व्हॉल्व्ह असतात: रेग्युलेटरची चौकट व्हॉल्व्हला कवळते, मागचा स्क्रू आवळला की दोघांची तोंडं एकमेकांवर दाबून बसतात. ओ-रिंग असते व्हॉल्व्हच्या तोंडावर. दुसरी जात डिनची, हे नाव जर्मनीच्या मानक संस्थेवरून पडलं. तिथे रेग्युलेटर आट्यांनी व्हॉल्व्हच्या आत शिरतो आणि ओ-रिंग त्याच्याच टोकाला, आत बंदिस्त राहते. क्लॅम्पची मर्यादा 232 बार. डिनमध्ये 200 बारच्या रेग्युलेटरला 5 आटे, 300 बारच्याला 7. सात आट्यांचा 200 च्या व्हॉल्व्हमध्ये चालतो; पाच आट्यांचा 300 च्या व्हॉल्व्हमध्ये तळाला पोचतच नाही, हवा धरत नाही. मुद्दामच तसं केलेलं आहे. कमी दाबाचं सामान चुकून जास्त दाबाच्या बाटलीला लागू नये म्हणून.

"पोचला नाही, तर तो नको म्हणतोय असं समज," मामा लिहितात. अडॅप्टरवर ते विशेष चिडलेले आहेत. अडॅप्टरने जोडणी जमते, पण दाब सोसण्याची ताकद वाढत नाही, क्लॅम्पची मर्यादा तीच राहते. शिवाय रेग्युलेटर मागे जास्त बाहेर येतो, डोकं आपटतं. मालट्रकच्या टायरमध्ये साधारण 100 पीएसआय हवा असते, या बाटलीत 3000. याहून वाईट चूक बाटलीच्या गळ्यात होते. तिथे एम 25 चे आटे आणि पाऊण इंची आटे दिसायला भाऊभाऊ. चुकीचा व्हॉल्व्हही काही फेरे बसतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो, आणि बाटली भरताना गोळीसारखा उडू शकतो. हे वाक्य मामांनी दोनदा अधोरेखित केलं आहे आणि खाली पुन्हा विचारलं आहे: फेरे मोजलेस का?

इथून पत्राचा सूर बदलतो.

विट्याच्या आसपासच्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायची, परमुलखात पेढी चालवायची. मामाही एकोणिसाव्या वर्षी दक्षिणेतल्या एका पेठेत कामाला लागले. तिथेच, वितळवण्याच्या ज्योतीला लागणाऱ्या गॅसच्या बाटल्यांवर, आट्यांची पहिली शिकवण मिळाली: ऑक्सिजनचे सुलटे, जळणाऱ्या गॅसचे उलटे, म्हणजे एकाच्या जागी दुसरा लागूच नये. एका सकाळी ऑक्सिजनच्या बाटलीची जोडणी फिरेना. मामांनी आट्यांना खोबरेल चोळलं. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल म्हणजे आगीला आमंत्रण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाटली उघडली ती सोबतच्या पोराने. भडका उडाला, त्याचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

भाच्याला हे घरात कुणी सांगितलेलं नाही, कारण घरात कुणाला माहीतच नाही. तेल कुणी लावलं, असं मालकाने विचारलं तेव्हा मामा गप्प राहिले. दोष त्या पोरावर गेला आणि आठवड्याभरात त्याला गावी पाठवलं. पुढे मामांनी दोनदा त्याचा पत्ता शोधला. एकदा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. "तुला रागावायचा मला हक्क नाही बाळा, पण भीती वाटायचा आहे," एवढंच त्यांनी त्यावर लिहिलं.

चौथ्या पानावर उपदेश जवळजवळ उरलेलाच नाही. तो रेग्युलेटर जाणकाराकडे उघडून तपासून घे, खर्च मी देतो. ओ-रिंग जुनी वाटली तर विचार न करता बदल. आट्यांना घरचं तेल लावू नकोस, कुणीही सांगितलं तरी. पर्यटक घाई करतात, होडीवाला घाई करतो, तरी तुझे फेरे तू मोज. चूक झाली तर ती झाली म्हणून त्याच दिवशी सांग. मग भडंगाची दोन पाकिटं एसटीच्या पार्सलने पाठवल्याचं येतं, त्यातलं एक मित्राला, कारण खरं त्याने सांगितलं. आक्का रोज संध्याकाळी यंत्रमाग थांबले की दारात येऊन बसते, तू लहानपणी शाळेतून यायचास त्या वाटेकडे तोंड करून, हेही येतं.

सही करून झाल्यावर समासात आडव्या बारीक अक्षरात आणखी दोन ओळी आहेत: "पाण्यातून वर आलास की मला मिस्ड कॉल दे. बोलायला नको, नुसती एक रिंग. मी फोन उशाशी ठेवतो."